एकाच फुग्याच्या दोघी

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. दहावा झाला, तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मीही बालाघाटला परत आले. शाळेत सही केली, पोरांच्या वह्या तपासल्या. आणि तरी दिवसातून चार वेळा फोनजवळ जाऊन उभी राहते. तुझ्याशी बोलायचं तर शेजारच्या किराणा दुकानात फोन लावावा लागायचा, दुकानदार तुला हाक मारायचा आणि तू धापा टाकत यायचीस. त्या धापा ऐकवत नव्हत्या म्हणून गेल्या वर्षभरात मी फोनच कमी केले होते. आता हिला धाप लागणार नाही, तर लावू का फोन, असं काहीतरी खुळ्यासारखं मनात येतं. एका जागी बसवत नाही. पोळी तव्यावर टाकून मी अंगणात जाते आणि करपल्याचा वास आला की परत येते.

म्हणून लिहायला बसले. तुझं नाव मी बारा वर्षांत कधी घेतलं नाही, इथेही घेणार नाही. आपल्यात ते चालत नाही. वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की एका मैत्रिणीचं नाव घ्यायला काय हरकत आहे, तर त्यांच्यासाठी सांगते. तुझी आई छत्तीसगडच्या बाजूची, तिचे वडील तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत कामाला आले आणि तिथलेच झाले. त्या लोकांत मैत्री नुसती होत नाही, ती बदावी, म्हणजे विधी करून बांधावी लागते. जगन्नाथाचा प्रसाद देऊन-घेऊन दोघी जन्माच्या 'महाप्रसाद' होतात, गंगेचं पाणी देऊन 'गंगाजल' होतात. त्या दिवसापासून एकमेकींना त्याच नावाने हाक मारायची, खरं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि सुखदुःखात सख्ख्या बहिणीच्या बरोबरीने उभं राहायचं. आपण दोघी 'फुगा' झालो. अशी जोडी तुझ्या आईनेही कधी ऐकली नव्हती.

फुगा, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. बारा वर्षं सांगायची होती. कितीतरी वेळा तोंडापर्यंत आली आणि मी चहाचं विचारलं, पोरीच्या शाळेचं विचारलं, पावसाचं विचारलं. आज कोणत्याही परिस्थितीत सांगणार आहे, पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर पुन्हा टाळेन.

मध्य प्रदेशचे अजून दोन तुकडे झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या त्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात माझी खाट खिडकीजवळ होती, तुझी तिच्या शेजारी. मी चोवीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागलेली. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, घरी चार वर्षांची मुलगी ठेवून आलेली. दोघींचा आजार एकच. लहानपणी घसा धरला, ताप आला, गुडघे सुजले, घरच्यांना वाटलं वाढत्या वयाचं दुखणं आहे. गुडघे बरे झाले आणि ते दुखणं हृदयाला जाऊन चिकटलं. हृदयातल्या एका झडपेच्या पाकळ्या कडेने एकमेकींना जुळून गेल्या होत्या, दार जेमतेम किलकिलं राहिलं होतं, आणि मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसांत साचत होतं. मी उशांना टेकून बसूनच झोपायचे. तूही. पहिल्या रात्री आपण दोघी समोरासमोर बसून राहिलो आणि तू म्हणालीस, "आपन दोघी का रेल्वेच्या डब्यात बसलो का वं? टेसन कवा येते?"

मला हसू आलं आणि हसताना खोकला आला. असं माझं तुझ्याशी पहिलं बोलणं.

डॉक्टर राउंडला आले की तू त्यांना सोडायची नाहीस. छाती न फाडता ती झडप, तुझ्या भाषेत वाल, उघडतात म्हणजे नेमकं काय करतात, ते तुला बारीकसारीक समजून घ्यायचं होतं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची, आतल्या पडद्याला एक छोटं भोक पाडून ती डाव्या बाजूला सरकवायची, तिच्या टोकाला फुगा असतो तो झडपेच्या मधोमध ठेवायचा आणि फुगवायचा. जुळलेल्या कडा सुटतात. टाका नाही, चीर नाही, दोन दिवसांनी घरी. मी आपली मान डोलावत होते. तू विचारलंस, "अन् आत फुटला तं?"

"फुटत नाही," ते म्हणाले. "हवेनं नाही भरत, औषधाच्या पाण्यानं भरतो."

"पाण्यानं भरलेला फुगा तं पह्यले फुटते, डाक्टरसाहेब. आमच्या गावातले पोट्टे होळीले भरते ना."

सगळा वॉर्ड हसला, डॉक्टरही हसले. तू मात्र खरोखर विचारत होतीस. घाबरलेली तूही होतीस, पण तुझी भीती प्रश्न होऊन बाहेर पडायची आणि माझी पोटात जाऊन बसायची. दोन दिवस मी काही खाल्लं नव्हतं. तू मला मुरमुरे आणि गूळ खाऊ घातलास, एकेक मूठ, लहान मुलाला भरवावं तसा.

आता ती गोष्ट.

फुगे तेव्हा परदेशातून यायचे आणि एकदा वापरून कोणी फेकत नसे. धुवायचे, निर्जंतुक करायचे आणि पुढच्या पेशंटला वापरायचे. त्यात लपवाछपवी काही नव्हती, आपल्या सगळ्यांना ते सांगितलेलं होतं. पण वॉर्डातल्या आयाबाईने आदल्या दिवशी दुपारी माझ्या बाबांना तिची स्वतःची माहिती पुरवली. ती म्हणाली, "पह्यल्या नंबरच्या पेशंटले नवा कोरा फुगा काढते साहेब. मंग तोच धुऊन धुऊन बाकीच्याइले." भिंतीवरच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशीची यादी खडूने लिहिलेली होती. त्यात पहिलं नाव तुझं होतं आणि दुसरं माझं.

माझे बाबा तुला माहीत होते. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, जंगल खात्यातले हेडक्लार्क, कोणत्या कागदाला कोणाची सही लागते ते झोपेतही सांगायचे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडला आणि ते कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाला भेटायला ऑफिसात गेले. तासाभराने परत आले, माझ्या खाटेवर बसले आणि कानाशी म्हणाले, "काळजी करू नकोस. नंबर लावून दिला आहे."

मला कळलं. कोणता नंबर, कोणाचा, कशासाठी, सगळं कळलं. तू दीड हातावर बसून मुलीसाठी लोकरीचा स्वेटर विणत होतीस. आणि मी म्हणाले, "बरं, बाबा."

फुगा, हे दोन शब्द मला बारा वर्षं झोपू देत नाहीत. बाबांनी केलं ते बाप म्हणून केलं, त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मला कोणी गुंगीचं औषध दिलेलं नव्हतं. मला 'नको' म्हणता येत होतं आणि मी 'बरं' म्हणाले.

संध्याकाळी सिस्टर येऊन तुला म्हणाली, "कल आपका दूसरा नंबर है." तू फळ्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि मला वाटलं आता विचारणार. तू म्हणालीस, "हौ, चालते. हिले भेव लागून राह्यलं. हिचं होऊन जाऊ द्या पह्यले, बिचारीचं." आणि माझा हात धरून बसलीस. मी तो काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मला नेलं. डोळे उघडे, छताचे दिवे, मांडीत सुईची टोचणी, मग खूप वेळ काहीच नाही. नंतर छातीत क्षणभर सगळं थबकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती सरली तशी मला श्वास आला. पोटापर्यंत. किती वर्षांनी! मी तिथेच रडायला लागले आणि कोणीतरी म्हणालं, हलू नका. परत आणलं तेव्हा तू उपाशी, तोंड सुकलेलं, तुझ्या बोलावण्याची वाट बघत बसली होतीस. मला म्हणालीस, "दुखलं का वं?" मी म्हणाले नाही. तू म्हणालीस, "मंग ठीक." तुझा नंबर लागायला दुपारचे तीन वाजले. आदल्या रात्रीपासून तोंडात पाणी नाही, आणि ते हाल तुझ्या वाट्याला माझ्यामुळे आले.

तुझाही वाल उघडला. रात्री दोघी आडव्या झोपलो, उशीशिवाय, पाठीवर. तू अंधारात म्हणालीस, "छत कवा पाह्यलं होतं मी अशी झोपून, आठोतच नाही." पण दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी तुझ्या कागदावर एक ओळ जास्त लिहिली. थोडी गळती. एका पाकळीला उघडताना जरासा चिरा गेला होता. घाबरण्यासारखं नाही, म्हणाले, बऱ्याच जणांना होते, वर्षानुवर्षं तशीच राहते. लक्ष ठेवा.

मी डॉक्टरांना गाठलं. जिन्यात एकदा, वॉर्डाबाहेर एकदा, सुटीच्या कागदावर सही घेताना एकदा. तिन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं, तिची झडप आतून जास्त जाड आणि घट्ट होती, अशा झडपेत हे होऊ शकतं, फुग्याचा किंवा नंबराचा यात काही संबंध नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी खाली पाहिलं.

आणि मग तो फुगे धुणारा तंत्रज्ञ. त्याला मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की पहिल्या पेशंटला नवा फुगा मिळतो ना? तो हसायलाच लागला. "नया? अरे दीदी, नया तो दिवाली के पहले निकाला था. इसी एक ने पूरे वॉर्ड के वाल खोले हैं." आयाबाईची माहिती तिच्या मनाची होती. नवा फुगा नव्हताच. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घालून, ओळख काढून, लाचारी करून माझ्यासाठी जे मिळवलं ते काहीच नव्हतं. त्या सकाळी मला याचा आनंद झाला, खोटं नाही सांगत. वाटलं, चला, मी तिचं काही घेतलंच नाही. तो आनंद चार पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. मग मनात आलं, पण डॉक्टर सकाळी ताजे होते, दुपारपर्यंत थकले असतील का? हात जरा जास्त दाबला गेला असेल का? तू पहिली असतीस, पोटात भुकेचा गोळा नसता, तर काही वेगळं झालं असतं का? हे प्रश्न मी कोणाला विचारू? अजूनही ते माझ्या मागे फिरत असतात.

सुटी मिळाली त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी फुगेवाला उभा होता. तू थांबलीस. दोन फुगे घेतलेस, एक नारळ घेतलास, आणि तुझ्या आईला म्हणालीस, "माय, लोकं महाप्रसाद बदते, गंगाजल बदते. आपन हिच्यासंग फुगा बदतो. एकाच फुग्यानं दोघी जगलो ना." तुझी आई आधी हसली आणि मग एकदम गंभीर झाली, म्हणाली खेळ नाही हा, जन्माचं असते. तू म्हणालीस, "मले माहीत आहे."

भर रस्त्यात तू माझ्या हातात फुगा दिलास, मी तुझ्या. नारळ फोडला. बाबा बाजूला सामान घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुन्हा कधी त्या गोष्टीबद्दल आम्ही बाप-लेक एकमेकांशी बोललो नाही. पण त्यानंतर तुझ्याकडे जाऊन आले की बाबांचा पहिला प्रश्न तुझ्याबद्दल असायचा. "ती पोरगी कशी आहे? चालते का नीट?" तुला वाटायचं केवढी माया. दर अक्षय्य तृतीयेला तुला लुगडं जायचं ते त्यांच्या पसंतीचं. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा तू माझ्यापेक्षा मोठ्याने रडलीस. "बाबानं मले पोरीसारखं केलं," म्हणत राहिलीस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. पण मेलेल्या बापाला उघडं पाडायचं, हे मला झेपलं नाही. की हा पण बहाणाच होता? बहुधा होता.

आपली वर्षं चांगली गेली, ते मात्र खरं. किती हसलो गं आपण. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं ते जळजळीत इंजेक्शन, दोघींना. मी कॅलेंडरवर खुणा करायचे आणि तरी विसरायचे. तू आठवडी बाजारावर मोजायचीस, दर तिसऱ्या बाजाराला सुई, आणि एकदाही चुकली नाहीस. पत्रात लिहायचीस, 'काल टोचून आलो, लंगडून राहिलो, तू टोचलं का?' हस्ताक्षर कोंबडीच्या पायासारखं, मी शिक्षकिणीच्या सवयीने चुका दुरुस्त करून परत पाठवायचे आणि तू चिडायचीस. माझी मराठी पुस्तकी आणि हिंदीने भरलेली, तुझी तिरोडीची, आणि कोणाची खरी यावर आपलं भांडण कायम अर्धवट राहिलं. मी लग्न करत नाही म्हणून तू माझ्या मागे लागायचीस. परसवाड्याच्या एका मास्तराचं स्थळ घेऊन तू चक्क त्याच्या घरी जाऊन आली होतीस, मला न विचारता. मी संतापले तर म्हणालीस, "पाहून आली फक्त. नाकात बोलते तो. नको करू." एवढं इंजेक्शन न चुकवणारी तू, आणि वाल तुझा बिघडला. माझा अजून शाबूत आहे.

हट्ट्याच्या बावडीला, त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, गेलो होतो ते आठवतं तुला? दीड वर्ष झालं असेल. तुझी मुलगी आठवी पास झाली म्हणून आपण तिघी फिरायला निघालो होतो. पायऱ्या उतरताना तू सगळ्यांत पुढे. खाली कमानीत उभी राहून तू हाक मारलीस आणि आवाज कसा घुमतो ते ऐकलंस. वर चढताना पहिल्या टप्प्यावर थांबलीस. म्हणालीस, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो." मी दहा पायऱ्या चढून मागे पाहिलं तर तू भिंतीला टेकून बसली होतीस, ओठ निळसर, आणि हाताने मला जा जा अशी खूण करत होतीस. मला ते ओठ ओळखीचे होते. बारा वर्षांपूर्वी आरशात रोज पाहिलेले.

मग मी तुझ्या मागे हात धुऊन लागले. नागपूरला नेलं, तपासण्या केल्या. गळती खूप वाढली होती, आता फुग्याचं काम नव्हतं, झडप बदलायची, धातूची बसवायची. तू सगळं ऐकून घेतलंस. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, त्यासाठी वरचेवर रक्त तपासायचं, तिरोडीत ती सोय नाही, प्रत्येक वेळी नागपूर. आणि छाती उघडायची. तू म्हणालीस बघू. संक्रांतीनंतर बघू, पोरीची परीक्षा झाली की बघू, नवऱ्याला सुटी मिळाली की बघू. मी दर आठवड्याला पत्र लिहू लागले. तिरोडीला येऊन बसू लागले. एकदा तर तुझ्या अंगणात ओरडले तुझ्यावर, सगळी आळी बाहेर आली. तू चुलीपुढे बसली होतीस. उठली नाहीस, चिडली नाहीस. नुसतं वर पाहून विचारलंस, "तू काहून एवढी मागं लागली वं? माही माय नाही एवढी लागली. तुह्या जिवाले काय लागून राह्यलं?"

तेव्हा अंगणात आपण दोघीच उरलो होतो. तू वाट बघत होतीस. खरंच वाट बघत होतीस, मला ते दिसत होतं.

मी म्हणाले, "काही नाही."

तू चुलीत लाकूड सारलंस आणि म्हणालीस, "बरं."

निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. शिपाई सांगायला आला की तिरोडीहून फोन आहे, आणि मला उठतानाच कळलं. तिरोडीला पोचेपर्यंत तुला घेऊनही गेले होते, घरात तुझं काही नव्हतं, दोरीवर ओलं लुगडं तेवढं होतं.

दहाव्याला नदीवर गेलो. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. पाणी द्यायची वेळ आली तशी तुझी थोरली बहीण पुढे झाली, आणि तुझ्या आईने तिला हाताने मागे सारलं. म्हणाली, "फुगा पह्यले. बदलेली बहीन आहे तिची. तिचा मान पह्यला." सगळ्यांनी मला वाट करून दिली. तुझी सख्खी बहीण, तुझी पोटची पोर, सगळ्या माझ्या मागे उभ्या. पुन्हा माझा नंबर पहिला लागला, फुगा. ओंजळीतलं पाणी कसं सोडलं मला माहीत नाही.

वर येऊन मी देवाजीला गाठलं. तुझा नवरा एका दगडावर एकटा बसला होता, नुकतं डोकं भादरलेला, उन्हात. तो मला फुगाबाई म्हणतो आणि बारा वर्षांत माझ्याशी बारा वाक्यं बोलला असेल. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फळा, यादी, बाबा, आयाबाई, 'बरं बाबा', सगळं. धापा टाकत सांगितलं. वाटलं होतं तो ओरडेल, उठून जाईल, निदान तोंड फिरवेल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो काडीने माती उकरत राहिला.

"मले माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तिलेही नसन माहीत. असतं तं मले सांगतलं असतं."

मी म्हणाले, "नवा फुगा नव्हताच, देवाजी. पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं."

"फुग्याचं सोडा," तो म्हणाला. "डाक्टरनं सांगतलं ना तिचा वालच खराब होता. ते सोडा." पुन्हा काडी. मग म्हणाला, "पण तिले सांगाचं होतं, फुगाबाई. ती भांडली असती. तुमच्या बालाघाटच्या घरी येऊन, दारात उभी राहून, साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाईन अशी भांडली असती. महिनाभर बोलली नसती. अन् मंग तिनंच फोन केला असता."

मला रडू आवरेना. मी म्हणाले, "देवाजी, मला माफ करा."

त्याने मान हलवली. रागाने नाही. एखादं न पेलणारं ओझं नको म्हणावं तशी. "ते माह्या हातात नाही. भांडन तिचं होतं. तुम्ही तिले ते करूच नाही दिलं." आणि तो उठून माणसांत जाऊन बसला.

त्या दिवसापासून मी यावरून पुढे सरकलेली नाही. तू कोणाशी भांडली नाहीस, फुगा? रेशनच्या दुकानात भांडलीस, बस थांबवत नाही म्हणून कंडक्टरशी भांडलीस, खाणीच्या बाबूशी देवाजीच्या सुट्ट्यांवरून भांडलीस, सासूशी तर रोजच. आणि प्रत्येक भांडणानंतर त्याच माणसाच्या घरी आंबील घेऊन जायचीस. तुझ्या ओळखीत असा एक माणूस नाही ज्याला तू कडाडून बोलली नाहीस आणि नंतर जवळ घेतलं नाहीस. मला कधी बोलली नाहीस. बारा वर्षं मी समजत होते की माझ्यावर तुझा जीव जास्त आहे म्हणून. तुझा जीव होता, त्यात शंका नाही, पण तो अर्धीच गोष्ट माहीत असलेल्या बाईचा जीव होता. मी भीत होते की खरं कळलं तर तू मला सोडशील. तू कोणालाच सोडलं नाहीस, हे रोज डोळ्यांनी बघत असताना मी भीत होते. नंबर घेतला त्याची शरम मला आहेच. पण तुझ्या रागावर मी विश्वास ठेवला नाही, त्याचं काय करू ते मला कळत नाही.

आता सांगितलं. सगळं सांगितलं, एक शब्द मागे ठेवला नाही. ओरड ना माझ्यावर. दारात उभी राहा, मोहल्ला गोळा कर, जे तोंडात येईल ते बोल. मी दार उघडून बसले आहे सकाळपासून, आणि तू काही बोलत नाहीस.